कोडची तपासणी म्हणजे मुद्रितशोधन नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातील संगणक कंपन्या आणि तेथे नोकरीच्या आशेने पाहणारी विदर्भातील मुले यांच्याविषयीचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि त्यातील बहुतेक निरीक्षणांशी मी सहमत आहे. मात्र लेखकाने एके ठिकाणी, दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासण्याच्या कामाला मुद्रितशोधनाची उपमा दिली असून, हे काम लवकरच यंत्रे करू लागतील तेव्हा मुलांनी त्यात वेळ दवडू नये, असा सल्लाही दिला आहे. हेच काम मी नागपुरात बसून गेली अठरा वर्षे करीत आलो आहे आणि त्यात एकदा चांगलाच तोंडघशीही पडलो आहे. त्या एका प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे, परंतु हा विषय दोन ओळींत सांगितला तर लेखकाचेच म्हणणे खरे वाटण्याचा धोका आहे.

आमचा विभाग ट्रेसिंगचे सॉफ्टवेअर तयार करतो. संगणकावर एखादा प्रोग्राम चालू असताना तो कोणती फाइल उघडतो, तीत किती लिहितो, कोठे अडून बसतो, याची क्षणाक्षणाची नोंद ठेवणारा हा पहारेकरी असतो. एखादी बँक किंवा कारखाना आपली यंत्रणा का मंदावली किंवा अमुक फाइल कोणी बदलली असे विचारतो, तेव्हा उत्तर या नोंदींतून द्यावे लागते. पहारेकऱ्याच्या वहीतच चूक असेल, तर चोर सुटतो आणि वाटसरू पकडला जातो. आमच्या हातून नेमके हेच घडले.

प्रसंग कळण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट आधी सांगावी लागेल. लिनक्स या संगणकप्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) प्रोग्रामने फाइल उघडली की कर्नल, म्हणजे संगणकाच्या कारभाराचा मुख्य कारकून, त्याच्या हाती एक क्रमांक ठेवतो. यापुढे प्रोग्राम फाइलचे नाव घेत नाही. ‘सातमध्ये हे लिही’, ‘सात बंद कर’ एवढेच म्हणतो. आमच्या टेकडी गणपतीच्या देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर बिल्ला मिळावा, तसा हा प्रकार आहे. ०, १ आणि २ हे क्रमांक प्रोग्रामला सुरुवातीलाच दिलेले असतात, त्यामुळे पहिल्या नव्या फाइलला बहुधा ३ हा क्रमांक मिळतो. नियम असा की, रिकाम्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांक पुढच्या मागणाऱ्याला द्यायचा. म्हणून बिल्ला परत येताच तो दुसऱ्याच्या हाती जातो, आणि चतुर्थीच्या गर्दीत तो किती पटकन जातो हे टेकडीवर उभे राहिलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही.

आता पहारेकऱ्याची अडचण पाहा. त्याला ‘सातमध्ये चार हजार बाइट लिहिले’ एवढेच ऐकू येते. या घडीला सात म्हणजे कोणती फाइल, हे त्याला स्वतःच्या वहीत लिहून ठेवावे लागते. या वहीलाच आम्ही फाइलची स्थिती म्हणतो. काही साधने ही वही ठेवतच नाहीत. स्ट्रेस या जुन्या आणि सर्वपरिचित साधनाला क्रमांकांसोबत फाइलींची नावे दाखवायला सांगितले, तर ते त्या त्या वेळी कर्नललाच विचारून घेते. हा मार्ग सोपा आणि प्रामाणिक आहे, पण त्यासाठी प्रत्येक पावलाला प्रोग्रामला थांबवावे लागते, आणि भर धंद्याच्या वेळी कोणताही ग्राहक तेवढा मंदपणा सोसत नाही. ज्या साधनांत नोंदी आधी भराभर साठवून नंतर सावकाश वाचायच्या असतात, तेथे वाचण्याच्या वेळी विचारायला तो प्रोग्राम जिवंत असेलच असे नाही. तेथे वही अपरिहार्य ठरते. एलटीटीएनजी हे अशा प्रकारचे साधन आहे. पहारा सुरू होण्यापूर्वीच ज्या फाइली उघडलेल्या होत्या त्या नोंदीत याव्यात, म्हणून ते सुरुवातीला त्या क्षणाची संपूर्ण यादीच उतरवून घेते. आमचे साधन आकाराने लहान असले तरी याच पद्धतीचे आहे.

वही ठेवणे म्हणजे उघडले की लिहायचे आणि बंद झाले की खोडायचे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात क्रमांक हाती येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा अनेक आहेत. एक क्रमांक दुसऱ्यावर चढवण्याची सोय आहे; तीत आधीची फाइल गुपचूप बंद होते आणि ‘बंद कर’ ही आज्ञा कोठेच ऐकू येत नाही. प्रोग्रामने स्वतःची प्रत काढली की साऱ्या वहीचीच प्रत निघते, पण त्याने नुसता नवा धागा, म्हणजे त्याच प्रोग्रामात समांतर चालणारी कामाची दुसरी ओळ, काढला तर वही दोघांत एकच राहते. लिनक्स कर्नलच्या २०२० सालच्या ५.९ या आवृत्तीपासून तर एकाच आज्ञेत क्रमांकांची अख्खी रांग बंद करता येते. शिवाय एक प्रोग्राम आपल्या हातातला बिल्ला दुसऱ्या प्रोग्रामला देऊ शकतो, तेव्हा घेणाऱ्याने फाइल कधी उघडलेलीच नसते. या प्रत्येक वाटेवर कोणी ना कोणी आधी ठेचकाळलेले आहे.

आता आमची ठेच. एका कनिष्ठ सहकाऱ्याने बदल पाठवला. त्यापूर्वी आमचा कोड ‘सात बंद कर’ अशी आज्ञा निघताच वहीतील सातची नोंद पुसून टाकत असे. सहकाऱ्याचे म्हणणे असे की, आज्ञा निघाली म्हणजे ती पार पडलीच असे नाही. कर्नल कधी कधी चूक झाल्याचे उत्तरही परत पाठवतो. म्हणून उत्तर येईपर्यंत थांबावे आणि काम यशस्वी झाल्याचे कळले तरच नोंद पुसावी. बदल अकरा ओळींचा होता. सोबतचे टिपण स्वच्छ होते, नावे नेटकी होती, चाचण्या साऱ्या उत्तीर्ण होत्या. माणूसही गुणी, पूर्वीच्या कोडातील एक खरी ढिलाई त्याच्या नजरेस पडली होती. मी पंधरा-वीस मिनिटांत अकराही ओळी वाचल्या, एका चलाचे (व्हेरिएबलचे) नाव बदलायला सांगितले आणि संमती दिली. लेखकाच्या शब्दांत सांगायचे, तर मी मुद्रितशोधन केले.

बदल तर्काला पटणारा होता, पण लिनक्सच्या वागण्याशी त्याचा मेळ नव्हता. ‘बंद कर’ ही आज्ञा मिळाली की लिनक्सचा कर्नल सर्वांत आधी तो क्रमांक मोकळा करतो आणि उरलेला माल, म्हणजे लिहायची राहिलेली माहिती, जागेवर पोहोचवण्याची कामे त्यानंतर करतो. त्या नंतरच्या कामात अडचण आली, तर तो चूक झाल्याचे उत्तर देतो. पण क्रमांक तोवर केव्हाच सुटलेला असतो. मुळात असा क्रमांक हातात नव्हताच, ही एक चूक सोडली, तर उत्तर काहीही येवो, सात आता आपला राहिलेला नाही असेच धरावे लागते. म्हणूनच चूक आली तर पुन्हा बंद करण्याचा प्रयत्न करू नका, अशी स्पष्ट ताकीद लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत दिलेली आहे, कारण तोपर्यंत सात हा दुसऱ्याच धाग्याच्या नव्या फाइलचा क्रमांक झालेला असू शकतो. काही जुन्या युनिक्स प्रणालींत हे उलट चालत असे, आणि पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्या माणसाची फसगत होते ती येथेच. पुस्तिकेचे ते पान मी पूर्वी वाचलेले होते. त्या दिवशी ते आठवले नाही, कारण समोरच्या अकरा ओळींत ते कोठेही लिहिलेले नव्हते.

सुमारे दोन महिन्यांनी एका ग्राहकाकडून तक्रार आली. त्यांच्या कार्यालयातील फाइली जाळ्यावरच्या (नेटवर्कवरच्या) सामायिक साठवणीत असत आणि प्रत्येक विभागाला जागेची मर्यादा ठरवून दिलेली होती. अशा साठवणीचे एक वैशिष्ट्य असे की, लिहिताना सारे ठीक चालल्यासारखे दिसते आणि जागा संपल्याची बातमी फाइल बंद करताना हाती येते. तेथे तेच झाले. वेतनपत्रकाच्या एका फाइलची जागा संपली, बंद करताना चूक परत आली, आमच्या नव्या नियमानुसार वहीतील नोंद तशीच राहिली. कर्नलने मात्र तो क्रमांक केव्हाच सोडून दिलेला होता. पुढच्याच क्षणी त्याच प्रोग्रामने बाहेरून आलेली एक जोडणी (कनेक्शन) स्वीकारली, तिला तोच क्रमांक मिळाला, आणि जोडण्या कशा येतात याकडे आमचे साधन त्या वेळी लक्षच देत नव्हते. यानंतर त्या जोडणीवर जे काही पाठवले गेले, ते सारे आमच्या अहवालात वेतनपत्रकात लिहिले गेले म्हणून नोंदले गेले. सायंकाळी साडेसहानंतर, लेखा विभाग घरी गेल्यावरही, वेतनपत्रक बदलत होते असे अहवाल सांगत होता. ज्याच्या नावाने तो प्रोग्राम चालत असे, त्या लिपिकाकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. त्या बिचाऱ्याने फाइलची तारीख आणि आकार दाखवून, साडेसहानंतर तीत अक्षरही बदललेले नाही, असे पुन्हा पुन्हा सांगितले. वही खोटे बोलेल यावर दोन दिवस कोणाचा विश्वास बसेना.

चूक सापडल्यावर जुना कोड परत आणून आम्ही मोकळे झालो असतो, पण तोही पूर्णपणे बरोबर नव्हता, हे सहकाऱ्याचे म्हणणे खरेच होते. आज्ञा निघताच नोंद पुसली, तर आज्ञा निघणे आणि क्रमांक प्रत्यक्ष सुटणे यांमधील क्षणभरात दुसऱ्या धाग्याने सातमध्ये काही लिहिले, तर ते अनाथ होते. उत्तर आल्यावर पुसली, तर याहून वाईट घडते. पहिला धागा सात बंद करतो. कर्नल क्रमांक सोडतो आणि जाळ्यावर माल पोहोचवत बसतो. तेवढ्यात दुसरा धागा नवी फाइल उघडतो आणि त्याला सात मिळतो. आपण वहीत नवी नोंद करतो. मग पहिल्याचे उत्तर येते आणि आपण सातची नोंद पुसतो, म्हणजे दुसऱ्याची नवी कोरी नोंद पुसतो. साठवण जवळच्या डिस्कवर असेल तर ही फट इतकी अरुंद असते की चाचणीत कधी सापडत नाही. साठवण जाळ्यापलीकडे असली की तीच फट दारासारखी उघडते. शेवटी आम्ही स्थिती दोनऐवजी तीन केल्या. फाइल खुली आहे, बंद होत आहे, किंवा बंद झाली आहे. जोडीला प्रत्येक नोंदीला स्वतःचा पिढी क्रमांक दिला, म्हणजे जुना सात आणि नवा सात वेगळे ओळखता यावेत. आज्ञा निघाली की नोंदीवर ‘बंद होत आहे’ अशी खूण होते; उत्तर आले, मग ते यशाचे असो वा चुकीचे, की तीच पिढी अजून जागेवर असेल तरच ती पुसली जाते. जोडण्या, क्रमांकांची अदलाबदल आणि रांगेने बंद करणे या वाटाही त्याच वेळी वहीत घेतल्या. हा बदल अकरा ओळींत बसला नाही हे सांगायला नको, आणि तो तपासायला दोघांना मिळून पूर्ण तीन दिवस लागले.

हे आमच्यासारख्या आडगावच्या लोकांनाच होते, असे कोणी म्हणेल. म्हणून सर्वांना पाहता येण्याजोगे एक उदाहरण देतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये स्वतःचा पहारेकरी आहे, त्याचे नाव एफट्रेस. तो २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत आला आणि स्टीव्हन रॉस्टेड हे त्याचे प्रमुख कर्ते आणि देखभालदार मानले जातात. कर्नलमधील प्रत्येक नोंदणीयोग्य घटनेसाठी तेथे एक छोटी निर्देशिका (फोल्डर) असते. तीत घटना चालू-बंद करण्याची फाइल, गाळणीची फाइल, घटनेतील मजकुराची रचना सांगणारी ‘फॉरमॅट’ नावाची फाइल अशा काही फाइली असतात. घटना हजारांच्या घरात, त्यामुळे या फाइलींनीच बरीच मेमरी अडत असे. २०२३ च्या ६.६ या आवृत्तीपासून त्या मागणी झाली तरच उभ्या करण्याची व्यवस्था आली. काही घटना वापरकर्ता चालू यंत्रावर निर्माण करतो आणि काढूनही टाकतो. मग प्रश्न येतो की, घटना काढून टाकताना तिची फाइल कोणी तरी उघडून बसलेला असेल, तर काय करायचे?

माझे वडील सिव्हिल लाइन्समधील एका शासकीय कार्यालयाच्या अभिलेख कक्षात होते, आणि या प्रश्नाचे उत्तर मला संगणकाच्या आधी त्यांच्याकडून मिळाले. नस्ती नष्ट करायचे ठरले की ते प्रथम नोंदवहीत तिच्यासमोर तसा शेरा मारीत. त्यानंतर कोणी मागितली तरी ती मिळत नसे. पण ज्याच्या मागणीचिठ्ठीवर ती आधीच बाहेर गेलेली असे, त्याच्या टेबलावरून ते ती ओढून आणत नसत. शेवटची चिठ्ठी परत आली की मगच ती गठ्ठ्यातून निघे. एफट्रेसमधील व्यवस्था हुबेहूब अशीच आहे. फाइलच्या माहितीसोबत ती किती जणांच्या हाती आहे याचा आकडा असतो, ‘मुक्त केली’ अशी खूण असते, आणि खूण पाहणे व मारणे एकाच कुलपाखाली होते, म्हणजे एका वेळी एकालाच ते करता येते. खूण झाली की नव्या वाचकाला असे उपकरण नाही असे उत्तर मिळते. शेवटचा हात सुटला की माहिती मोकळी होते.

या व्यवस्थेतून एक फाइल मात्र सुटलेली होती, ती म्हणजे ‘फॉरमॅट’. चालू-बंदची किंवा गाळणीची फाइल स्वतःची स्थिती बाळगते, म्हणून तिला चिठ्ठी हवीच. एकाच घटनेच्या सर्व फॉरमॅट फाइलींतील मजकूर सारखाच, तेव्हा तिला वेगळी चिठ्ठी कशाला, असा विचार करून तिचा दुवा थेट घटनेच्या वर्णनाला जोडलेला होता. वडिलांच्या कक्षात नक्कल उतरवून घेणाऱ्या एखाद्याला, ‘तू तर नुसते वाचणार आहेस, चिठ्ठी राहू दे’ म्हणून आत सोडावे, तसे हे झाले. परिणाम असा की, घटना काढून टाकली गेली तरी फॉरमॅट वाचत बसलेल्याला ते कळत नसे, आणि मोकळ्या झालेल्या मेमरीला त्याचा हात लागण्याची शक्यता निर्माण होई. एकीकडे घटना निर्माण करणे आणि काढणे, दुसरीकडे त्यांच्या फॉरमॅट फाइली सतत वाचणे, असे एकाच वेळी चालवले की ही शर्यत, म्हणजे कोण आधी पोहोचतो यावर अवलंबून असलेली चूक, उघडी पडत असे. जुलै २०२४ मध्ये रॉस्टेड यांनीच दुरुस्ती लिहिली. फॉरमॅटचा दुवा इतरांप्रमाणे फाइलच्या माहितीकडे वळवला, आणि वाचनाच्या सुरुवातीला, कुलूप हाती असतानाच, खूण तपासण्याची तजवीज केली.

ही दुरुस्ती मी आमच्या विभागातील नव्या मुलांना वाचायला देतो. ती वाचताना मी पाहतो ते इतकेच की, बदललेल्या ओळी संपल्यावर मुलगा कोठे जातो. बहुतेक जण कर्नल ज्या सी भाषेत लिहिलेला आहे तिचे व्याकरण तपासतात, कुलूप घेतले तसे सर्व वाटांवर सोडले आहे ना हे पाहतात, आणि थांबतात. तेवढे पाहणेही आवश्यक आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, “सर, मग आयडीच्या फाइलचे काय? तीही इतरांसारखी चिठ्ठी घेताना दिसत नाही.” आयडी ही घटनेच्या निर्देशिकेतील आणखी एक फाइल; दुरुस्तीत तिचा उल्लेखही नाही. उत्तर असे आहे की, आयडीच्या जागी मेमरीतील पत्ता ठेवलेला नसून घटनेचा क्रमांकच ठेवलेला असतो. घटना गेली तरी क्रमांक हा नुसता आकडा, त्याचा हात दुसऱ्याच्या मेमरीपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणजे तेथे चूक नव्हती. तरीही त्या मुलीला आम्ही त्याच आठवड्यात तपासणीच्या कामावर घेतले, कारण तिने समोर नसलेल्या ओळीविषयी प्रश्न विचारला होता. वस्तू काढून टाकली जात असताना ती अजून कोणाकोणाच्या हातात आहे, आणि ती गेल्याचे त्यांना कोण सांगणार, हा प्रश्न मी त्या अकरा ओळींना विचारला असता, तर एका लिपिकाचे दोन दिवस वाचले असते.

यंत्रांविषयी लेखकाने जे लिहिले आहे, त्याला माझा सरसकट विरोध नाही. आम्हीही अशी साधने रोज वापरतो. विसरलेले कुलूप, मोकळ्या मेमरीला लागलेला हात, उपयोगात न आलेले चल, हे ती माझ्यापेक्षा लवकर दाखवतात. कर्नलमध्ये तर मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर पकडणारे कासान नावाचे साधन वर्षानुवर्षे आहे. मात्र ते चालत्या कोडावर पहारा ठेवते. शर्यत प्रत्यक्ष घडली तर ते बोंब मारते, घडलीच नाही तर गप्प राहते. आमच्या अकरा ओळींत मोकळ्या मेमरीला कोणाचाही हात लागत नव्हता. त्या ओळी व्याकरणाने शुद्ध होत्या आणि वस्तुस्थितीशी विसंगत होत्या. यंत्राने त्यांना संमती दिली होती आणि मीही दिली होती, तेव्हा या बाबतीत मला यंत्राकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. १९६० पासून अभियंते घडवणारे आजचे व्हीएनआयटी, २०१६ साली आलेले ट्रिपल आयटी, शिवाय हिंगण्यापासून कामठीपर्यंत पसरलेली खासगी महाविद्यालये, अशा ठिकाणांहून आलेली शेकडो मुले मी मुलाखतीत पाहिली आहेत. कोड लिहायला सांगितले की ती लिहितात, काही तर फार सुरेख लिहितात. दुसऱ्याचा दोनशे ओळींचा कोड समोर ठेवून, यात काय होईल ते सांगा, असे म्हटले की बहुतेकांच्या चेहऱ्यावर परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्याचा भाव येतो. दोष त्यांचा नाही. चार वर्षांत त्यांना कोणी वाचायला बसवलेलेच नसते. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत काय बनवले हे विचारले जाते. शेजारच्या गटाचा प्रकल्प वाचून त्यातली एक शंका लेखी मांडा, असे कोणी सांगत नाही. कर्नलच्या टपालयाद्या, म्हणजे ई-मेलवर चालणाऱ्या चर्चा, सर्वांना मोफत खुल्या आहेत. एकाने बदल पाठवला, दुसऱ्याने हरकत घेतली, तिसऱ्याने सुधारून पुन्हा पाठवला, आणि शेवटी कोणी तपासले याची सही बदलासोबत कायमची राहिली, हा सारा व्यवहार तेथे उघड्यावर चालतो. ज्या विद्यार्थ्याला पुण्या-बंगळुरूला जाणे परवडत नाही, त्याच्यासाठी घरबसल्या याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

कंपन्यांची बाजूही निर्दोष नाही, आणि त्यात आमची कंपनी आली. आमच्याकडे लिहिलेल्या कामाचे दिवस हिशेबात धरले जातात, तपासणीला मात्र हिशेबात जागा नसते; ती मधल्या वेळेत, जेवणानंतर, घरी जाण्यापूर्वी उरकायची असते. त्या अकरा ओळी मी मार्च महिन्यातील एका शुक्रवारी सायंकाळी वाचल्या होत्या. वरिष्ठांशी बराच वाद घातल्यावर आता आमच्या विभागात मंगळवार आणि गुरुवारच्या सकाळी कोणीही नवा कोड लिहीत नाही, सारे एकमेकांचा वाचतात. फाइलची स्थिती बदलणारा बदल एका माणसाच्या संमतीने पुढे जात नाही. ज्या सहकाऱ्याने तो बदल लिहिला होता, त्यानेच आता जागेची मर्यादा मुद्दाम तुटपुंजी ठेवलेली साठवण उभी करून चाचणी तयार केली आहे. ती रोज रात्री चालते, आणि तिने आजवर आणखी दोन चुका धरून दिल्या आहेत. त्यांतील एक माझी होती.

मुद्रितशोधकांविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण उपमेत त्यांच्यावरही अन्याय झाला आहे. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणारा तेवढाच मुद्रितशोधक, असे मला कधी वाटले नाही. पहिल्या पानावर ज्या कार्यक्रमाचे निमंत्रण आहे, तो रद्द झाल्याची बातमी पाचव्या पानावर आहे, हे ज्याच्या लक्षात येते, तो समोरच्या पानापलीकडचे वाचत असतो, आणि असे लोक आपल्या कार्यालयात निश्चित असतील. लेखकाने एखाद्या मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मिहानमध्ये आमच्या टेबलाशी येऊन बसावे, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे. येताना आपल्या मुद्रितशोधन विभागातील एखाद्या जुन्या जाणत्यास सोबत आणले, तर त्या अकरा ओळी मी त्यांच्यापुढे ठेवीन. सी भाषा त्यांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे राहील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर